चिमाबाईच्या पिशवीतला दाणा

आधी जरा खाली वाका. आणखी थोडं. हां, तिथंच, त्या फुटक्या शिंपल्याशेजारी पिवळसर काहीतरी दिसतंय ना, तो मी. बोलणारा एवढासा असला की ऐकणाऱ्याला वाकावं लागतं, त्याला माझा इलाज नाही.

मी दाणा आहे. ज्वारीचा नव्हे, शेंगदाणा नव्हे आणि साबुदाणाही नव्हे, जरी पहिल्यांदा बघणाऱ्याला तसंच वाटतं. मी प्लास्टिकचा दाणा. तुमच्या घरातली बादली, मोरीतला मग, डब्याचं झाकण, मुलांची पाण्याची बाटली, ही सगळी मंडळी आधी माझ्यासारखे दाणेच होती. आम्हाला वितळवतात, साच्यात दाबतात आणि मग आमचं काहीतरी होतं. छत्र्या आणि खुर्च्या आपापली कहाणी सांगतात तेव्हा त्यांच्यापाशी सांगायला निदान एक मालक तरी असतो. माझी पंचाईत अशी की माझं काही झालंच नाही. मला मालक नाही, माझा काही उपयोग झाला नाही, आणि तरी मला बोलायचं आहे.

माझा जन्म दूर गुजरातेत, समुद्राकाठच्या एका अवाढव्य कारखान्यात झाला. सोहळा वगैरे काही नाही. गरम, चिकट शेवया बाहेर येतात, पाण्यात बुडून गार होतात आणि एक पातं त्यांचे बारीक तुकडे करत सुटतं. पापणी लवायच्या आत हजारो भावंडं जन्माला येतात, सगळी एकाच तोंडवळ्याची. त्यातली काही वाऱ्यानं उडून कुंपणापलीकडे, खाडीच्या बाजूला जाताना मी पाहिली. त्यांच्यामागे कुणी धावलं नाही. उरलेल्यांना पंचवीस किलोच्या गोण्यांत भरलं आणि गोण्या ट्रकवर चढवल्या.

गोणीतले ते दिवस बरे होते. अंधार होता, पण चहूबाजूंनी कुणी ना कुणी टेकलेलं असायचं. खंडाळ्याचा घाट चढताना ट्रक कण्हत होता आणि आम्ही एकमेकांना विचारत होतो, तू कोण होणार रे? कुणाला खुर्ची व्हायचं होतं, कुणाला डबा. मला मग व्हायचं होतं. शेजारचा एक म्हणाला होता की मग घरातल्या लहानथोर सगळ्यांच्या हाती रोज जातो. हे ऐकून मला फार बरं वाटलं. लोणावळ्याला ड्रायव्हर उतरला, त्यानं घरी न्यायला चिक्की घेतली, आणि मग घाटावरची गार हवा गोणीच्या शिवणीतून आत येत राहिली ती थेट तळेगाव दाभाडेपर्यंत.

तळेगावच्या पुढे आंबी नावाचं गाव आहे. एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडी आणि खालून वाहणारी इंद्रायणी. तिथल्या एका कारखान्यात आमची गोणी उतरली. गंमत बघा, तिथं बनत होत्या बादल्या आणि मग. माझं नशीब अगदी दाराशी येऊन उभं होतं. पण गोणी उचलायला आलेल्या गाडीचं लोखंडी पातं जरा वर लागलं, गोणी फाटली आणि आम्ही ओंजळभर जण फरशीवर सांडलो. बाकीची गोणी वर गेली, यंत्राच्या नरसाळ्यात ओतली गेली. तासाभरात त्यांचे मग झाले. मी ते खालून बघितले, लाल रंगाचे होते.

सांडलेल्या दाण्याकडे माणसं बघत नाहीत. बूट येतात, जातात. कुणाचा पाय घसरला तर तेवढ्यापुरती एक शिवी मिळते. एक दिवस आणि एक रात्र मी गोण्या रचायच्या लाकडी फळ्यांच्या खाली पडून होतो, आणि मग केरसुणीचा आवाज आला.

केरसुणी चिमाबाईची होती. ती आंबीचीच, पन्नाशी ओलांडलेली, ठेकेदाराच्या वतीनं कारखान्यात झाडलोट करायला लागलेली. साडीवर कंपनीचा निळा कोट घालायची आणि त्याची बटणं कधी लावायची नाही. नऊ वर्षं तिनं ती शेड झाडली होती. झाडताना स्वतःशी बोलायची तिला खोड होती. फळ्यांखाली केरसुणी घालून ती आम्हाला म्हणायची, या बाबांनो, या बाहेर. मला आजवर कुणी बोलावलं असेल तर ते एवढंच.

पूर्वी ती सांडलेला दाणा सुपलीत भरायची आणि कोपऱ्यातल्या गोणीत टाकायची. महिन्याकाठी भंगारवाला ती गोणी घेऊन जायचा. आम्ही वितळून हलक्या मालात जायचो, पण जायचो. मग अतुल नावाचा सुपरवायझर आला. तळेगावात स्टेशनजवळच्या सोसायटीत राहणारा, तिशीतला. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. मोठ्या गिऱ्हाइकांची माणसं वरचेवर तपासणीला यायची, फरशीचे फोटो काढायची, कोपऱ्यात मळकी गोणी दिसली तरी कागदावर लिहून न्यायची. अतुलनं फर्मान काढलं की कोपऱ्यात काही ठेवायचं नाही, पाळी संपताना सरळ पाण्याचा पाइप मारायचा. फरशीच्या कडेला गटाराची जाळी होती. तिच्यातून सगळं भिंतीपलीकडच्या नाल्यात जायचं आणि नाला इंद्रायणीत.

चिमाबाईनं पाइप मारला. सांगकाम्याला विचारतो कोण? शिवाय खरं सांगायचं तर तिची पाठ सुटली, वाकून वाकून सुपली भरायचं काम गेलं. पाण्याच्या एका फटक्यात माझी सगळी भावंडं घसरत जाळीतून दिसेनाशी झाली. मीही गेलो असतो, पण फटका जरा तिरपा बसला आणि मी उडून तिच्या ओल्या साडीच्या काठाला चिकटलो. जाताना तिनं काठ पिळला, खाली ठेवलेली पिशवी उचलली आणि मी तिच्या पिशवीत पडलो. ही पिशवी तिनं नवऱ्याच्या जुन्या विजारीच्या कापडाची शिवली होती. तळाशी शिवण थोडी उसवली होती. तिथं मी जो अडकलो तो चार महिने तिथंच राहिलो.

माझ्या आयुष्यातलं घर म्हणाल तर ती पिशवी. घरी गेली की ती स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकायची. उसवलेल्या शिवणीतून मला ओटा दिसायचा, भिंतीतल्या फळीवरची बुद्धमूर्ती दिसायची आणि मागचं दार उघडं असलं तर अंगण. संध्याकाळी मूर्तीपुढे मेणबत्ती लागायची आणि घरातली तिघं वंदना म्हणायची. तिघं म्हणजे चिमाबाई, तिचा नवरा निवृत्ती आणि त्यांची मुलगी यशोधरा. यशोधरा बेडशाला दिलेली, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिला पाचवाच लागला होता. आधी एकदा तिचा गर्भ पडला होता, त्यामुळे आईबाप तिला फुलासारखं जपत होते.

निवृत्तीचा गुडघा कामावर असतानाच गेला होता. कंपनीनं घरी बसवल्यापासून त्याला आपण घरात कशाला आहोत असं वाटायचं. तो ते कुणापाशी बोलायचा नाही, पण मी खिळ्यावरून बघत होतो ना. मुलगी आली आणि त्याला काम मिळालं. रोज सकाळी तो जाळं खांद्यावर टाकून लंगडत नदीवर जायचा आणि दोन-तीन चिलापी, नशीब असलं तर एखादी मरळ घेऊन यायचा. मासे दारात ठेवताना म्हणायचा, माझ्या पोरीला ताकद पायजे. एवढं म्हणताना त्याचा आवाज तरणा व्हायचा.

त्याला मासे कुठं मिळायचे? नाला जिथं नदीला मिळतो तिथल्या डोहात. तिथं मासा भरपूर गोळा व्हायचा. का गोळा व्हायचा, ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एका रविवारी चिमाबाई विळीवर चिलापी साफ करत होती. पोट फाडलं, आतडं ओढलं आणि तिचा हात थबकला. तिनं अंगठ्यानं काहीतरी बाजूला केलं. पाण्याखाली धरलं. पाच-सहा दुधाळ दाणे तिच्या तळहातावर होते. माझीच भावंडं. माझ्यापासून चार हातांवर होती ती. त्यांना बघून मला आनंद झाला हे सांगायला आज लाज वाटते, पण झाला. किती दिवसांनी आपल्या तोंडवळ्याचं कुणी दिसत होतं.

चिमाबाईला आनंद झाला नाही. तिनं एक दाणा दाताखाली धरून बघितला. नऊ वर्षं जे झाडलं ते ओळखायला तिला वेळ लागला नाही. मागच्या दारात निवृत्ती जाळं धूत होता आणि मरळ कशी निसटता निसटता हाती लागली ते यशोधराला रंगवून सांगत होता. यशोधरा हसत होती. चिमाबाईनं एकदा तिकडं बघितलं, एकदा हातातल्या माशाकडं. मग सगळे मासे कागदात गुंडाळून ती मागच्या उकिरड्यावर पुरून आली आणि म्हणाली, मासं नासल्यालं व्हतं.

निवृत्तीचं तोंड उतरलं. तासाभरापूर्वी पाण्यात असलेला मासा नासतो कसा, असं त्यानं विचारलं. त्या दिवशी घरात पिठलं झालं.

मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की तिला नवऱ्याची भीती नव्हती. भीती निराळीच होती. पाइप तिच्या हातात होता. ज्या डोहातून बाप मुलीसाठी घास आणत होता त्या डोहात रोज दुपारी तीच दाणा सोडत होती. हे सांगायचं कसं? आणि सांगितल्यावर त्याच्या हातातलं जाळंही जाणार होतं. म्हणून ती गप्प बसली. रोज आलेल्या प्रत्येक माशाचं पोट ती बोट घालून तपासायची. दाणा निघाला की मासा पुरायचा. नाही निघाला तर कालवण करायचं, पण मग यशोधरा जेवत असताना तिच्या प्रत्येक घासाकडे बघत बसायचं. मुलगी विचारायची, आई, तू का नाही घेत? आणि चिमाबाई म्हणायची, मला वास येतो.

एक दिवस तिनं धीर करून अतुलला सांगितलं. तेव्हा तिच्या खांद्यावरच्या पिशवीत मी होतो, म्हणून शब्दन्‌शब्द ऐकला. ती म्हणाली, साहेब, ह्यो दाणा नदीत जातोय, मासं खात्यात. अतुल मोबाइलवर काहीतरी टाइप करत होता. तो म्हणाला की मावशी, नदीत काय काय जातं, त्यात एवढ्याशा दाण्याचं काय घेऊन बसलात? पुढच्या महिन्यात मोठी तपासणी आहे, फरशीवर एक दाणा दिसला तर माझी नोकरी जाईल. हे शेवटचं त्यानं खरंच घाबरून म्हटलं. त्याच्या घरी हप्ते होते, लहान मूल होतं. चिमाबाई मान हलवून परत आली.

त्या दिवसापासून तिनं पाइप मारणं सोडलं. म्हणजे मारायची, पण आधी कुणाचं लक्ष नाही असं बघून सगळा दाणा सुपलीत घ्यायची. आता तो ठेवायचा कुठं? कोपऱ्यात गोणी नाही. कचऱ्याचा ट्रक तो माल घेत नाही. मग तिनं भाकरीचा डबा रिकामा झाला की त्यात दाणा भरायला सुरुवात केली. डबा पिशवीत, पिशवी खांद्यावर, आणि ती गेटाबाहेर. घरी कॉटखाली तेलाचा जुना पत्र्याचा डबा होता, त्यात ती तो दाणा ओतायची.

माझ्या आयुष्यातला हा काळ सगळ्यात सुखाचा. रोज दुपारी डब्यातून खुळखुळ ऐकू यायची. आम्ही एका पिशवीत होतो, मध्ये फक्त पत्रा होता. मला वाटायचं, आज ना उद्या ही बाई शिवण झटकेल आणि मलाही त्या डब्यात टाकेल. तिला मी दिसलो नाही. आम्ही डोळ्यांत भरण्यासारखे नसतोच.

यशोधराला एकदा कॉटखालचा डबा सापडला. हे काय गं आई, एवढे साबुदाणे? चिमाबाई म्हणाली, उशीत भरायला आणल्यात, तुझ्या बाळाला. मुलीला ते खरं वाटलं. तिनं मूठभर दाणे हातात घेऊन खेळवले आणि परत ठेवले.

त्याच दिवसांत डोहातल्या माशांच्या पोटात दाणा सापडेनासा झाला. आधी कमी झाला, मग थांबला. एका रविवारी चिमाबाईनं चार मासे तपासले, चारही स्वच्छ निघाले. तिनं त्या दिवशी कालवण स्वतःही खाल्लं. निवृत्तीनं विचारलं, आज वास न्हाई का आला? ती नुसती हसली. लग्नाला तीस वर्षं झालेल्या बाईचं ते हसू मी उसवलेल्या शिवणीतून बघितलं.

पण तपासणीच्या आधी कारखान्यात माल कमी भरू लागला. कुठं जातोय ते कळेना. चार-पाच गोण्यांचा फरक होता म्हणे, आणि तो चिमाबाईच्या भाकरीच्या डब्यानं पडला असेल असं मला तरी वाटत नाही. पण वरून हुकूम आला की गेटवर प्रत्येकाची झडती घ्यायची.

गेटवर हनुमंत बसायचा. शेजारच्या गावचा शेतकऱ्याचा मुलगा, आता वॉचमनच्या गणवेशात. चिमाबाईला तो मावशी म्हणायचा, तिच्या हातची चटणी त्यानं कितीदा खाल्ली होती. त्या दुपारी पाळी सुटली आणि रांग लागली. चिमाबाई पुढे आली तेव्हा त्यानं मान वळवली आणि म्हणाला की मावशी, पिशवी दाखवा, माझा नाइलाज आहे. तिनं पिशवी दिली. त्यानं डबा काढला. डबा जड लागला. उघडला तर आत दाणा.

अतुलला बोलावणं गेलं. तो आला, डब्यात बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. रांगेतली माणसं बघत होती, त्यामुळे त्याला मोठ्यानं बोलावं लागलं.

"मावशी, हा कंपनीचा माल आहे. ही चोरी झाली."

चिमाबाईनं कोटाची सगळी बटणं एकेक करून लावली. मी तिला तसं करताना पहिल्यांदाच बघत होतो. मग ती म्हणाली,

"व्हय, कंपनीचाच हाय. पर पाइपानं नाल्यात घालवत व्हते तवा कुनाचा व्हता?"

अतुलनं रजिस्टर मागवलं, त्यात तिचं नाव लिहिलं, आणि उद्यापासून येऊ नका असं सांगितलं. हनुमंतनं शिवण झटकून पिशवी रिकामी केली. चार महिन्यांनी मी बाहेर पडलो, गेटाजवळच्या सिमेंटवर. शेजारी डब्यातला दाणा ओतला होता, चोरीचा पुरावा म्हणून. त्याचा फोटो काढून झाला.

तेवढ्यात फोन आला की तपासणीच्या पाहुण्यांच्या गाड्या तळेगाव फाट्यावरून निघाल्यात. अतुल दचकला. गेटासमोर पांढऱ्या दाण्यांचा सडा पडलेला. तो हनुमंतला म्हणाला, आधी हे साफ कर, पाइप मार.

चिमाबाई तिथंच उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत पुराव्यावर पाणी पडलं आणि आम्ही सगळे सिमेंटवरून घसरत कडेच्या गटारात गेलो. ज्याच्यासाठी तिचं नाव चोरांत लिहिलं गेलं तो माल दोन मिनिटांत नाल्याला लागला. हनुमंत पाइप धरून उभा होता आणि त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

भाद्रपद होता, नाल्याला ओढ होती. मी गटारातून नाल्यात आलो तेव्हा भावंडं माझ्या चहूबाजूंना होती, आणि तरीही गोणीतल्यासारखं वाटलं नाही. पाण्यात कुणी कुणाला टेकत नाही. काठावरून कुणीतरी धावत होतं. चिमाबाई होती. निळा कोट तिनं वाटेत काढून टाकला होता. पन्नाशीची बाई, ती काट्याकुट्यांतून नाल्याच्या कडेनं आमच्या बरोबरीनं धावत होती आणि तिला धाप लागली होती. माझ्यासाठी कुणी धावलं असेल तर ती एकटी.

नाल्याच्या तोंडाशी निवृत्ती कमरेइतक्या पाण्यात उभा होता, दुपारचं जाळं टाकायच्या तयारीत. सकाळी मासा मिळाला नव्हता म्हणून परत आला होता. बायकोला तशी बघून तो घाबरला. यशोधराला काही झालं का, असं त्यानं विचारलं.

ती काठावरच खाली बसली. म्हणाली,

"ह्यो दाणा बघा, ह्यो. मीच सोडत व्हते. तुमच्या जाळ्यात, पोरीच्या ताटात. मासं नासल्यालं नव्हतं."

निवृत्तीनं पाण्याकडे बघितलं. पांढरे ठिपके त्याच्या मांड्यांभोवती फिरत होते. माणसाला एखादी गोष्ट कळायला किती वेळ लागतो ते मी तेव्हा बघितलं. मला वाटलं, आता हा रागावेल, किंवा जाळं फेकून चालता होईल. त्यानं जाळं काठावर ठेवलं. जाळ्याची भोकं एवढी मोठी की आमच्यासारखे शंभर एकावेळी निघून जातील. मग त्यानं डोक्याचा टॉवेल सोडला, झटकून लांब केला, आणि एक टोक तिच्याकडे केलं.

"धर," एवढंच म्हणाला.

ती पाण्यात उतरली. दोघांनी नाल्याच्या तोंडावर टॉवेल आडवा धरला, तळाशी पायांनी दाबून. तो अपुरा पडला तेव्हा तिनं पदर सोडून त्याला जोडला. गुडघ्यानं अधू झालेला एक म्हातारा आणि पदर पाण्यात सोडून उभी असलेली त्याची बायको, दोघं वाहत्या पाण्यात दाणे अडवत होते. अडले. खूप अडले. ओंजळी भरून भरून ती काठावर टाकत होती. या बाबांनो, या, असं म्हणत होती, रडत होती.

मीही तिच्या पदरावर आलो होतो. हे मला कुणालातरी सांगायचंच होतं. तिनं ओंजळ घातली, मी तिच्या मनगटाला चिकटलो, काचेच्या हिरव्या बांगडीच्या अगदी वर. क्षणभर मी तिथं होतो. मग तिनं हात पुन्हा पाण्यात बुडवला आणि पाण्यानं मला निवृत्तीच्या गुडघ्याच्या बाजूनं बाहेर काढलं. मागे वळून बघायला मला मान नाही. शेवटचा ऐकू आला तो तिचा आवाज.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. इंद्रायणीतून भीमेत आलो. बंधाऱ्यांच्या फळ्यांत महिनोन्‌महिने अडकलो. उजनीच्या पाण्यात एक अख्खा उन्हाळा नुसता फेसाबरोबर गोल गोल फिरलो. पूर आला की पुढे, ओसरला की चिखलात. एकदा एका माशानं मला गिळलं आणि लगेच थुंकलं. त्याचे आभार मानावेत का त्याची कीव करावी, मला कळलं नाही, कारण त्याच्या मागून आलेल्या माशानं माझ्या शेजारच्याला गिळलं आणि थुंकलं नाही. भीमेतून कृष्णेत. तीन पावसाळे गेले आणि एके सकाळी पाणी खारट लागलं.

हा पूर्वेचा समुद्र. सह्याद्रीतून निघालेलं पाणी एवढ्या लांब येतं हे मावळात किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. इथं माझ्यासारखे पुष्कळ पडलेत, निळे, काळे, माझ्यासारखे पिवळे पडलेले. कोण कुठल्या गोणीतून सांडला, कुणी विचारत नाही. काठावर कोळी माणसं जाळी वाळवतात, आपसात खूप बोलतात, हसतात. त्यांच्या बोलण्यातलं एक अक्षर मला कळत नाही. मला येते ती आंबीची भाषा, पिशवीत बसून शिकलेली, आणि तुम्ही भेटेपर्यंत ती बोलायला इथं कुणी नव्हतं. उन्हात पडल्या पडल्या मी तीच वाक्यं मनात घोळवतो. माझ्या पोरीला ताकद पायजे. मला वास येतो. या बाबांनो, या.

यशोधराला मुलगी झाली का मुलगा? ते लेकरू धडधाकट आहे ना? चिमाबाईला दुसरीकडे काम मिळालं का, आणि त्या शेडमध्ये आता पाइप कुणाच्या हातात आहे? मला यातलं काही माहीत नाही आणि माहीत होण्याची वाटही नाही. बाळ झालं असेल तर आता तीन वर्षांचं असेल. ते मोठं होईल, त्याला पोरंबाळं होतील, ते म्हातारं होईल. तरी मी असेन. ऊन आणि लाटा मला झिजवतील, माझे बारीक बारीक तुकडे होतील, आणि मग तर मी कुठल्याही टॉवेलात, कुठल्याही पदरात अडणार नाही. मरण येत नाही याचं दुःख मी आधी करत नव्हतो. हल्ली करतो.

माझं मागणं मोठं नाही. तुम्ही ज्या शेडमध्ये काम करता तिथं मूठभर दाणा सांडला, तर पाइपाला हात घालण्याआधी सुपली शोधा. आणि तुमच्यापैकी कुणी आंबीच्या बाजूला गेलंच, तर नाल्याच्या वरच्या अंगाला चिमाबाईचं घर विचारा. तिला एक निरोप सांगा. म्हणावं, तुझ्या मनगटावरून निसटलेला एक दाणा समुद्राला लागला, पण तो अजून कुणाच्या ताटात गेलेला नाही. अजून तरी नाही.